देव जाणे!

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत येशूचा शिष्य यहूदा इस्कर्योत ह्याच्यावर आलेला लेख मी दोनदा वाचला. त्यातला मुद्दा थोडक्यात असा: ख्रिस्ती लोकांचा देव जर सर्वज्ञ आहे, तर यहूदा येशूला धरून देणार हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. ठाऊक होतं, म्हणजे ते टळणं शक्य नव्हतं. टळणं शक्य नव्हतं, तर यहूदा कळसूत्री बाहुली ठरतो, आणि बाहुलीला दोषी धरणारा देव न्यायी कसा? पुढच्या रविवारी एका वाचकाचं उत्तर छापून आलं, की श्रद्धेच्या प्रांतात तर्काला मज्जाव असावा. मी स्वतः ख्रिस्ती आहे, आणि तरीही मला लेखापेक्षा ह्या उत्तराचा राग जास्त आला. लेखकानं निदान प्रश्न विचारला. उत्तर देणाऱ्यानं आमच्या बाजूनं उभं राहून आमचंच तोंड बंद केलं.

शिवाय तर्काला मज्जाव ही आमची रीतही नाही. लेखातला आक्षेप अठराशे वर्षांचा जुना आहे. दुसऱ्या शतकात केल्सस नावाच्या ग्रीक विद्वानानं ख्रिस्ती धर्मावर टीका करताना जवळजवळ हाच मांडला होता: येशूनं देव म्हणून ती गोष्ट आधी सांगितली, म्हणजे ती घडणं भागच होतं, म्हणजे ज्यांच्यासोबत तो जेवला-प्यायला, त्यांना त्यानंच द्रोही बनवलं. ओरिजेन ह्या ख्रिस्ती विद्वानानं इसवी सन 248 च्या सुमारास त्याला सविस्तर उत्तर लिहिलं, आणि ते 'तर्क नको' असं नव्हतं. तो म्हणाला, तुम्ही उलटं धरलंय. सांगितली म्हणून गोष्ट घडत नाही. घडणार असते म्हणून ती सांगता येते.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण ते माझ्या नोकरीचंच वर्णन होतं. मी 31 वर्षं न्यायालयात लघुलेखिका होते. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राही, वकील प्रश्न विचारी, आणि माझ्या पेन्सिलीखाली त्याचा शब्द न शब्द उमटे. माझ्या वहीत 'मी त्याला मारलं' असं असेल, आणि वहीत चूक नसेल, तर त्या माणसानं ते म्हटलेलंच असणार. दुसरं काही संभवतच नाही. पण ह्या 'असणारच'नं त्या माणसाला बोलायला भाग पाडलेलं नसतं. तो गप्प बसला असता तर माझी वही कोरी राहिली असती. वही त्याच्यावर अवलंबून. तो वहीवर नव्हे.

मराठी वाचकाला इथे एक जादा अडचण येते असं मला वाटतं. 'विधिलिखित', 'कपाळी लिहिलेलं' हे शब्द आपल्या कानात इतके मुरलेले असतात की सर्वज्ञ म्हटल्यावर डोळ्यांपुढे जाणणारा येतच नाही, लिहिणारा येतो. जाणणं आणि लिहिणं ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. लेखकानं पहिल्यापासून सुरुवात केली आणि दुसऱ्यावर कधी उडी मारली, ते त्यांच्याही लक्षात आलेलं दिसत नाही. (बायबलातल्या 139 व्या स्तोत्रात माझे दिवस तुझ्या वहीत लिहिलेले होते असं आहे, हे कुणी मला कळवायला नको. त्याच स्तोत्राच्या शेवटी तोच भक्त विनवतो, की देवा, मला पारखून बघ, माझ्यात काही वाईट मार्ग दिसतो का पाहा आणि मला चालव. सगळं लिहून झालंय अशी ज्याची खात्री आहे, तो अशी विनवणी करत बसत नाही.)

आता माझ्याच दाखल्याची उलटतपासणी. मी लिहायची ती साक्षीदार बोलल्यावर. देवाची वही बोलण्याआधीच भरलेली असते, आणि खरी मेख तिथे आहे. 1965 साली नेल्सन पाइक ह्या अमेरिकन तत्त्वज्ञानं ती फार नेमकी दाखवली. एक माणूस शनिवारी घरापुढचं गवत कापतो. तो ते कापणार हे देवानं 80 वर्षं आधी मानलेलं आहे, आणि देव चुकूच शकत नाही. आता गवत न कापणं त्या माणसाच्या हातात होतं असं म्हणायचं असेल, तर 80 वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या गोष्टीवर त्याची सत्ता चालते असं म्हणावं लागेल. होऊन गेलेल्यावर कुणाची सत्ता चालते? हा युक्तिवाद समजल्यावर मी माझा वहीचा दाखला मुकाट्यानं बाजूला ठेवला. ओरिजेनचं उत्तर चूक नाही, पण एकटं पुरत नाही.

पाइकचा सगळा भार 'आधी' ह्या शब्दावर आहे. देव काळाच्या आत आहे असं धरलं तरच हा पेच पडतो, हे त्यालाही मान्य होतं. आणि त्या 'आधी'लाच बोएथियसनं दीड हजार वर्षांपूर्वी हात घातला होता. बोएथियस रोममधला बडा अधिकारी. थिओडोरिक राजाच्या अमदानीत त्याच्यावर राजद्रोहाचा ठपका आला, कैद झाली आणि इसवी सन 524 च्या सुमारास त्याला ठार मारण्यात आलं. मरणाची वाट बघत कैदेत त्यानं जे पुस्तक लिहिलं, त्याचा शेवटचा भाग ह्याच प्रश्नावर आहे. मला ह्या माणसाबद्दल फार आपुलकी वाटते. सगळं वरूनच ठरलं होतं, असं म्हणून मन शांत करायला त्याच्यासारखं निमित्त कुणाला मिळणार! त्यानं ते केलं नाही. तो म्हणतो, अनंतकाळ म्हणजे न संपणारा लांबलचक काळ नव्हे. संपूर्ण जीवन एकदम, अखंड हाती असणं म्हणजे अनंतकाळ. देवाला कालही नाही आणि उद्याही नाही, तेव्हा त्याच्या जाणण्याला पूर्वज्ञान म्हणणंच चूक. ते पाहणं आहे. उगवणारा सूर्य आणि चालणारा माणूस तुम्हाला एकाच वेळी दिसतात. दोन्ही दिसतात, म्हणून माणूसही सूर्यासारखा नाइलाजानं चालतोय असं होत नाही.

इतकं सुंदर उत्तर मी दुसरं वाचलेलं नाही. तरी एका जागी ते मला अडतं. देव काळाबाहेरून नुसता पाहत राहिला असता तर ठीक होतं. पण ख्रिस्ती देव बोलतो. शेवटच्या रात्री येशू आपल्या पेत्र ह्या शिष्याला सांगतो, कोंबडा आरवण्यापूर्वी तू मला तीनदा नाकारशील. बाहेरचं ज्ञान त्या क्षणी काळाच्या आत आलं. इतरांनी ते ऐकलं. आता ते खरोखरीच 'आधी' झालं, होऊन गेलं.

म्हणून ह्या खटल्यात मी यहूदाच्या आधी पेत्राला बोलावीन. त्याच्याकडे होता तेवढा भक्कम बचाव कुणा आरोपीकडे क्वचितच असेल: आपणच तर म्हणाला होतात! खुद्द प्रभूचे शब्द, ऐकणारे साक्षीदार हयात, आणि मधे काही तासच गेलेले. शुभवर्तमान लिहिणारा लूक सांगतो, की कोंबडा आरवला तेव्हा प्रभूनं वळून पेत्राकडे पाहिलं, आणि पेत्र बाहेर जाऊन मोठ्या दुःखानं रडला. बचाव त्यानं काढलाच नाही. यहूदानंही नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 27 व्या अध्यायात तो याजकांकडे जाऊन सांगतो, की निर्दोष माणसाला धरून देऊन मी पाप केलं. कबुलीजबाब नोंदवण्याआधी आरोपीला बजावावं लागतं, की बाबा, तू कबुली द्यायला बांधलेला नाहीस. ह्या दोघांना कुणीच बांधलं नव्हतं. ज्यांच्याविषयी भाकीत झालं त्यांनी भाकिताकडे बोट दाखवलं नाही, आणि आपण दोन हजार वर्षांनी, पक्षकारानं न मागता, त्यांचं वकीलपत्र घेऊन उभे आहोत.

हा पुरावा निर्णायक नाही. स्वतःला दोषी मानणारा माणूस मोकळा असतोच असं नाही. न केलेल्या गुन्ह्याची कबुली देणारेही मी पाहिले आहेत. पण बाहुलीचा आरोप करणाऱ्यानं ह्या दोन साक्षी निदान वाचायला तरी हव्यात.

आणखी एक प्रसंग आहे, ज्याकडे आमच्या प्रवचनांतून कुणी फिरकत नाही. बायबलातल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा 23 वा अध्याय. दावीद कईला नगरात आहे आणि शौल राजा त्याच्या जिवावर उठून मागावर आहे. दावीद देवाला विचारतो, शौल इथे येईल का? उत्तर: येईल. इथले लोक मला त्याच्या हाती देतील का? उत्तर: देतील. दावीद आपली सहाशेक माणसं घेऊन निघून जातो, आणि शौल यायचा बेत सोडून देतो. म्हणजे दोन्ही उत्तरं खोटी ठरली? नाही, ती 'तू इथे राहिलास तर'ची उत्तरं होती. कुठला माणूस कुठल्या प्रसंगात आपल्या मर्जीनं काय करील, हेही देव जाणतो, असं लुइस दे मोलिना ह्या जेझुइट पंथाच्या स्पॅनिश कॅथलिक धर्मगुरूनं 1588 साली लिस्बनमध्ये निघालेल्या ग्रंथात मांडलं. हे 'तर' आधी जाणून मग देव जग घडवतो, त्यामुळे जग त्याच्या हातात राहतं आणि मर्जी माणसाची राहते. कॅथलिकांतलेच डोमिनिकन पंथीय भडकले. रोममध्ये 1598 पासून 1607 पर्यंत पोपच्या समितीपुढे वाद चालला. अखेर पोप पाचवे पॉल ह्यांनी काय केलं? दोन्ही पक्षांना एकमेकांना पाखंडी म्हणायची मनाई केली, आणि योग्य वेळी निर्णय जाहीर करू असं सांगितलं. आमच्या भाषेत निकाल राखून ठेवला. तो अजून लागायचा आहे! मला विचाराल तर मोलिनाचा 'तर' हुशारीचा आहे, पण माणूस जन्मायच्याही आधी त्या 'तर'ला खरं कोण करतं, हे मला त्याच्याकडून समजलं नाही.

आमच्या प्रोटेस्टंट घरातलं भांडण ह्याहून कडक. 1524 साली कॅथलिक विद्वान इरॅस्मसनं माणसाच्या मोकळ्या इच्छेची बाजू घेतली; पुढच्याच वर्षी ल्यूथरनं ती इच्छा बंदिवान आहे असं ठणकावलं, आणि वर इरॅस्मसचे आभार मानले, की बाकीचे पोप आणि पापमोचनपत्रं असल्या फुटकळ गोष्टींवर हुज्जत घालतात, तू एकट्यानं मुळाला हात घातलास. दुसरा प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विन तर सरळच म्हणतो, की देवाला पुढचं दिसतं कारण ते त्यानंच ठरवलेलं आहे. इथे मात्र जाणणारा आणि लिहिणारा एकच होतात, आणि लेखकाचा आक्षेप खरोखर बसतो. कॅल्विनचे अनुयायी म्हणतील, माणूस वागतो ते स्वतःच्या मनासारखंच, त्याला कुणी ढकलत नाही, एवढं स्वातंत्र्य पुरे. न्यायालयातही एवढंच पाहतात, हे मला कबूल करायला हवं. तरी मला तिथे राहता येत नाही. 1618-19 मध्ये नेदरलंड्समधल्या डॉर्ट इथल्या धर्मसभेनं, माणूस देवाची कृपा नाकारू शकतो असं मानणाऱ्या आर्मिनियसच्या अनुयायांना दोषी ठरवलं. माझ्या संडे स्कूलच्या वह्या तिथे कुणी तपासल्या असत्या तर त्यांच्याबरोबर मीही बाहेर पडले असते.

हे सगळं मी हौसेनं वाचलेलं नाही. माझा धाकटा भाऊ दारूत गेला. एका शुक्रवारी रात्री त्याचा फोन आला, की ताई, सोमवारी व्यसनमुक्ती केंद्रात दाखल होतो, बोलणं झालंय, ह्या वेळी नक्की. मी बरं म्हटलं, फोन ठेवला, आणि समोर वही होती तिच्यात सवयीनं लघुलिपीत दोन शब्द खरडले: 'जाणार नाही'. सोमवारी तो गेला नाही. आठ महिन्यांनी तो वारला. वही नंतर कपाट आवरताना हाती आली. आमच्या घरात लघुलिपी दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही, त्यामुळे त्या दोन खुणा काय आहेत हे एकटीलाच कळलं.

त्या खुणांनी त्याला अडवलं नव्हतं, ह्याबद्दल मला तिळभर शंका नाही. सोमवारी सकाळी तो उठून गेला असता तर वही खोटी पडली असती, आणि मला ती खोटी पडलेलीच हवी होती. (देवाची वही खोटी पडू शकत नाही हा फरक राहतोच, तो मी वर मान्य केला आहे.) वही मला विचारत होती ते निराळंच. तुला ठाऊक होतं ना? मग सोमवारी सकाळी तू त्याच्या दारात का नव्हतीस?

मातीच्या वेळी आमचे पाळक म्हणाले, देवाला सगळं ठाऊक होतं, देवाची इच्छा होती. दोन्ही एका श्वासात. त्यांचा हेतू धीर द्यायचा होता. मी त्यातलं पहिलं मानते, दुसरं मानत नाही, पण ती वेळ बोलायची नव्हती. नंतर कुणीतरी हळूच विचारलं, सोमवारी तो का नाही गेला हो? माझ्या तोंडून निघालं, देव जाणे. आपण हे म्हणतो तेव्हा 'कुणालाच ठाऊक नाही' असं आपल्याला म्हणायचं असतं. त्या दिवशी मी काय बोलले ते पहिल्यांदाच माझ्या कानांनी ऐकलं.

तेव्हापासून मला वाटतं, लेखकाच्या एका प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. करणारा मोकळा होता का, हा पहिला. जाणणाऱ्याचं काय, हा दुसरा. ओरिजेन, बोएथियस, मोलिना हे सगळे पहिल्याचे वकील, आणि त्यांनी आपली बाजू चांगली लढवली आहे. जाणल्यामुळे करणाऱ्याचे हात बांधले जात नाहीत. पण म्हणून जाणणारा सुटत नाही. आमची मंडळी पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला देतात आणि निघून जातात. लेखकासारखी माणसं दुसऱ्याचा राग पहिल्यावर काढतात.

काहींनी दुसरा प्रश्न मुळातच उडवून लावलाय. 1994 पासून हा विचार ख्रिस्ती अभ्यासकांत बराच गाजला: माणसाचं उद्याचं मोकळं वागणं अजून अस्तित्वातच नाही, तर देवानं जाणायचं काय? बायबलात निनवे शहराचा 40 दिवसांनी नाश होणार होता, लोक बदलले, शिक्षा टळली. हिज्कीया राजाला तू मरणार असं कळवलं, तो रडला, 15 वर्षं वाढवून मिळाली. वही सापडल्यावरचे काही महिने मी ह्यांच्याच बाजूची होते. ज्याला ठाऊकच नव्हतं त्याच्यावर रागावता येत नाही, आणि मला देवावर रागवायचं नव्हतं. पण पेत्राचा कोंबडा दर वेळी आडवा आला. मग मी राग येऊ दिला.

लेखकांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा 18 वा अध्याय, 4 थं वचन पुन्हा वाचावं एवढीच विनंती. मशाली आणि हत्यारं घेऊन यहूदा शिपायांसह बागेपाशी आलाय. येशू आपल्यावर जे काही येणार ते सगळं जाणून बाहेर येतो आणि विचारतो, तुम्ही कुणाला शोधता? जाणून, आणि बाहेर आला. दुसऱ्या प्रश्नाचं हे उत्तर आहे, असा माझा दावा नाही. त्या शुक्रवारी माझ्या वहीत ह्यातलं पहिलंच क्रियापद होतं, दुसरं नव्हतं.

आपली,
एक निवृत्त लघुलेखिका

ता. क. पत्र छापल्यास माझं नाव घालू नये. भावाची मुलं आपलं वृत्तपत्र वाचतात. आणि एक दुरुस्ती: लेखात यहूदाला 'सोन्याची तीस नाणी' मिळाली असं छापलं आहे. मत्तय 26:15 प्रमाणे ती रुप्याची होती.